उकिरड्याशेजारची पंगत

आमच्या मंडळाचा एक नियम होता. कुणाच्या घरी गेलं की जेवायचं नाही, चहा जमेल तितका टाळायचा, पण पाण्याला नाही म्हणायचं नाही. हा नियम ज्यानं केला त्यानं डोईफोडियाच्या आसपासच्या खेड्यांत कधी पाणी प्यायलेलं नसावं. ग्लास आणणारी बाई तो वरून, काठाला धरून आणायची आणि तिची दोन बोटं आतल्या पाण्यात बुडालेली असायची. त्या बोटांना कधी पीठ, कधी शेण, कधी लेकराचं नुकतंच पुसलेलं नाक. मी श्वास रोखून प्यायचे. माझ्याबरोबरच्या काकू मात्र घटाघट पिऊन वर म्हणायच्या, "वा! गोड आहे हो तुमच्या विहिरीचं पाणी."

मी बुऱ्हाणपूरची. वडील शिक्षक, घर तिथल्या शनवारा चौकाजवळ. आई बऱ्याच वर्षांपासून ह्या सत्संग मंडळात जायची. मंडळ तरुण मुलामुलींकडे एक वर्ष मागायचं. जोडीजोडीनं खेड्यात राहायचं, दारोदार जायचं, लोकांशी बोलायचं, त्यांना संध्याकाळच्या प्रार्थनेला बोलवायचं. माझं बीएड झालं होतं, नोकरी लागत नव्हती आणि घरी दर रविवारी कुणीतरी मला बघायला येत होतं. मी हो म्हटलं. देवावर माझा विश्वास होताच. माणसांचा मी तोवर फारसा विचार केला नव्हता.

माझ्या जोडीला ह्या काकू दिल्या. साठीच्या, विधवा, देह भरपूर, आवाज त्याहून भरपूर. आम्हाला डोईफोडियात बियाणं-खताच्या दुकानामागची खोली मिळाली. तिथल्या अंथरुणालासुद्धा कीटकनाशकाचा वास यायचा. पिठाच्या डब्यावर पालीच्या लेंड्या असायच्या. पण त्या खोलीतली सगळ्यात किळसवाणी गोष्ट म्हणजे काकूंची सकाळ. उठल्याबरोबर त्या दारात बसून मशेरी लावायच्या. काळं बोट दातांवरून अर्धा तास फिरायचं, मधे मधे पायरीच्या कडेला पिचकारी जायची, आणि त्यातच प्रार्थना चालू. "हे देवा, आज जो भेटेल त्याच्यात (थू) तू दिसू दे."

मी एकदा म्हटलं, "काकू, आपण लोकांना व्यसन सोडा म्हणून सांगतो."

"हो ना," काळ्या दातांनी हसत त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी ते तुला सांगायला लावते. मी कधी बोलते का त्याच्यावर?"

खरंच नव्हत्या बोलत. व्यसनाचा विषय आला की त्या माझ्याकडे हात करून गप्प बसायच्या.

दारोदारचं काम मला वाटलं होतं तसं अजिबात नव्हतं. आम्हाला वाटायचं आपण देवाचं नाव घेऊन आलोय. लोकांना वाटायचं आम्ही सरकारकडून आलोय. आमच्या हिरव्या काठाच्या पांढऱ्या साड्या बघितल्या की बायका आत पळायच्या आणि आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, मोबाइल घेऊन बाहेर यायच्या. "केवायसी करून राहिले ना तुम्ही? माझे पैसे दोन महिन्यापासून अटकले." आम्ही केवायसीवाल्या नाही, हे कळलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की देवाचं नाव काढायचीही लाज वाटायची. काकूंनी ह्याच्यावर उपाय काढला. त्या मुकाट्यानं कार्ड हातात घ्यायच्या, फोटो निरखायच्या आणि म्हणायच्या, "ह्याच्यात किती रडकी दिसतेस गं! बस, बोलू." बाई हसायची. मग बसायची.

पुरुष हसायचे नाहीत. ते ओट्यावर बसून तंबाखू मळत, आमच्या पायांपासून वितभर अंतरावर थुंकत आणि विचारत, "तुम्हाला घरी काही काम नाही का?" दिवसभरात इतक्या थुंक्या चुकवाव्या लागायच्या की मान खाली घालूनच चालायची सवय झाली. केळी कापणीचे दिवस होते. नाकारलेले घड रस्त्याच्या कडेला टाकून देत, ते उन्हात काळे पडून पाझरत, त्यांच्यावर चिलटांचे ढग. तो आंबूस-गोड वास साडीत, केसांत, भातात. अजूनही फळांच्या गाड्यावर जास्त पिकलेलं केळं दिसलं की मी रस्ता बदलते.

तरी लोक यायला लागले. आधी पोरी, मग सासुरवाशिणी, मग डोईफोडियाच्या पुढे जंगलाच्या कडेला आदिवासींचा टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथल्या कोरकू बायका. त्या केळीच्या बागांत मजुरीला जात आणि परतताना आमच्या खोलीपुढे टेकत. त्यांना आमची प्रार्थना पाठ झाली, पण चाल त्यांनी स्वतःची लावली. मंडळाच्या चालीपेक्षा ती कितीतरी चांगली होती. कधी कधी संध्याकाळी ती चाल ऐकताना मला वाटायचं, हे जर देव नसेल तर दुसरं काय असेल. तेवढ्यात काकू मोठ्यानं ढेकर द्यायच्या.

ह्या सगळ्याचं कौतुक मंडळाच्या मुख्यांपर्यंत गेलं. त्यांचा फोन आला, की आता एक मोठा सत्संग घ्या, शेवटी भंडारा ठेवा. जागा दिली गावातल्या एका मोठ्या केळीवाल्यानं. त्याला सगळे दादा म्हणत. अंगण इतकं मोठं की त्यात ट्रक वळायचा. दादा आमच्याशी फार नम्र. दर वाक्यानंतर हात जोडायचे. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या जोडलेल्या हातांमागे गप्प उभ्या असायच्या.

सत्संगाच्या दिवशी सगळं छान झालं. मी बोलले. माणसामाणसात तो एकच आहे, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या. टोल्यावरच्या बायका मागे, फाटकाजवळ बसल्या होत्या. जागा नसेल म्हणून बसल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी त्यांच्या चालीत प्रार्थना म्हटली तेव्हा दादांनीही डोळे मिटले होते.

मग पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, शिरा. अंगणात सतरंज्यांवर केळीची पानं मांडली. मी वाढायला उठले. टोल्यावरच्या बायका कुठं दिसेनात, म्हणून विचारलं तर वहिनींनी नुसती मान वळवली. मी त्या दिशेनं गेले. गोठ्याच्या मागे, उकिरड्याला लागून, ओल्या जमिनीवर त्या ओळीनं बसल्या होत्या. खाली काही अंथरलेलं नाही. पानांवर माश्या आधीच बसल्या होत्या. पाणी प्यायला गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून ग्लास काढून दिले होते. ते ग्लास मी हातात घेऊन बघितले. आत वाळलेल्या शेणाचे शिंतोडे, तळाशी कोळ्याचं जाळं. त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेले ग्लास. कुणी ते कधी विसळलेही नव्हते. पाण्यात बुडालेल्या बोटांची मला रोज शिसारी यायची, पण ती बोटं निदान मला स्वतःच्या घरातल्या ग्लासातून पाणी द्यायला आलेली असायची. हे ग्लास बघून जे घशाशी आलं ते वेगळं होतं.

काकू माझ्या मागून आल्या. त्यांनी बघितलं. अंगणात परत गेल्या, मुख्य पंगतीतलं त्यांच्यासाठी वाढलेलं पान दोन्ही हातांवर अलगद उचललं आणि सगळ्यांच्या समोरून चालत गोठ्यामागे आल्या. "सरका गं," म्हणाल्या आणि त्या ओल्या जमिनीवर धपकन बसल्या.

दादा धावत आले. "काकू, इथं कशाला? तुमची जागा तिकडे आहे."

"इथं हवा चांगली आहे," काकू म्हणाल्या. उकिरड्याचा वास नाकात झिणझिण्या आणत होता.

मीही माझं पान घेऊन आले आणि बसले. साडीतून गारवा आणि ओल आत शिरली. कसली ओल, ते मी मनात आणायचं नाही ठरवलं. बट्टीवर माश्या बसत, मी हाकलत, त्या परत बसत. पहिला घास तोंडात फिरत राहिला. दुसरा घास घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून एक ओलं, गरम काहीतरी माझ्या खांद्याला घासलं. म्हैस. दावं सुटलं होतं की लांब होतं, कुणास ठाऊक. तिनं माझ्या खांद्यावरून मान घातली आणि पानासकट बट्टी, भाजी, शिरा एका ओढीत उचललं. तिची लाळ माझ्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळली.

मी किंचाळले. मग माझ्या शेजारची कोरकू बाई म्हणाली, "दीदी, भैंस को भी भगवान दिखा आप में."

आणि ती अख्खी ओळ हसत सुटली. काकू तर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि वरण नाकात गेलं. मीही हसले. लाळेनं भिजलेल्या बाहीनं डोळे पुसले, आणि मग ती लाळ आहे हे लक्षात येऊन परत किंचाळले. त्या बाईनं स्वतःच्या पानातली बट्टी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. ह्या वेळी घास तोंडात फिरला नाही.

अंगणातल्या कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते बुऱ्हाणपूरच्या ग्रुपांवर पोचलं. खाली लिहिलं होतं, 'सत्संगात म्हशीला प्रसाद'. माझ्या मामेभावानं मला ते हसणाऱ्या चेहऱ्यांसकट पाठवलं. दादांनी मंडळाच्या मुख्यांना फोन केला, आणि आम्हाला शनवाऱ्याला बोलावणं आलं.

मंडळाचे मुख्य शनवाऱ्याच्या हॉलमध्ये गादीवर बसले होते. समोर ताटलीत गरम मावा जिलबी. "घ्या ना, घ्या," म्हणाले आणि स्वतः एक उचलली. काळपट, जाड जिलबी, पाक मनगटाकडे ओघळत होता. ते तो चाटत चाटत बोलत होते.

"बेटा, आपल्याला समाज जोडायचा आहे. तोडायचा नाही. दादांच्या घरची पद्धत आहे. हळूहळू बदलेल. त्यांनी जागा दिली, खर्च केला, आणि आपण त्यांचा भर अंगणात अपमान करतो? मतलब, भक्ती म्हणजे सहनशीलता."

एक बोट चाटून झालं. दुसरं तोंडात गेलं. इतकं गोड बोलणं आणि तो चुपुचुपु आवाज. गावातल्या कुठल्याही थुंकीनं मला इतकं मळमळलं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर शब्दांऐवजी दुसरंच काही बाहेर आलं असतं.

काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकवली तीच प्रार्थना मी रोज करते. जो भेटेल त्याच्यात तू दिसू दे. आता तो मला तिकडे गोठ्यामागे दिसला, तर मी त्याच्या शेजारी जेवू नको का? प्रार्थना खोटी असेल तर तसं सांगा. दुसरी देता का? आम्ही पाठ करू."

मुख्यांनी बोट तोंडातून काढलं. रुमाल शोधला. मग म्हणाले, "तुमचा स्वभाव गरम आहे काकू. धूलकोटला जा. तिकडे शांतता आहे."

बाहेर आल्यावर शनवाऱ्याच्या गर्दीत काकू हसायला लागल्या. "शांतता म्हणजे कळलं का? तिकडे आपल्याला कुणी विचारत नाही." मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, मी घरी जाते. हे सगळं घाण आहे. मंडळ घाण आहे, दादा घाण आहेत, लोक घाण आहेत.

"आहेच," त्या म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते? पण त्या बाईनं तुला अर्धी बट्टी दिली ती कुठल्या घाणीत मोजतेस, ते सांग आणि मग घरी जा."

मी धूलकोटला गेले.

डोईफोडियात आमच्या जागी दुसरी जोडी गेली. दादांच्या अंगणात सत्संग अजून होतो, आणि आता तिथे उकिरड्याजवळ पंगत बसत नाही, असं मला एका मैत्रिणीनं आनंदानं सांगितलं. मी विचारलं, मग त्या बायका कुठं बसतात? ती म्हणाली, त्यांना बोलवतच नाहीत. ह्याला काही लोक सुधारणा म्हणतात.

धूलकोटला खरंच आम्हाला कुणी विचारलं नाही. दिवसभर फिरून, घसा कोरडा करून, संध्याकाळी मंदिराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत सतरंजी घालायची आणि वाट बघायची. पावसाळा संपेपर्यंत मी आणि काकू दोघीच बसायचो. दोघीच म्हणायचो. माझा आवाज बेसूर, काकूंचा घोगरा. पत्र्याखाली गरम व्हायचं, काकूंच्या घामाचा वास यायचा आणि माझ्या मनात रोज यायचं, देवा, तुला ऐकवायला आमच्याहून बरं कुणी सापडेना का?

मग एक सून यायला लागली. चार घरं सोडून राहायची. पदर कपाळापर्यंत, डोळे सुजलेले. पहिल्याच दिवशी तिनं खरं ते सांगून टाकलं, "मला प्रार्थनेचं काही नाही. सासू फक्त देवाच्या नावानं बाहेर सोडते. तासभर बसू का इथं?"

"बस ना," काकू म्हणाल्या.

ती भिंतीला टेकून बसली आणि दुसऱ्या ओळीला झोपली. तोंड उघडं, बारीक घोरणं. मी तिला हलवायला हात पुढे केला तर काकूंनी माझं मनगट धरलं. त्यानंतर ती रोज आली आणि रोज झोपली. वर्ष संपेपर्यंत धूलकोटची आमची सगळी मंडळी म्हणजे ती एकटी. ती डोळे मिटायची, आणि मग आम्ही दोघी आवाज लहान करून, तिची झोप मोडू नये इतक्या हळू, पूर्ण प्रार्थना म्हणायचो.