प्रम्बाननच्या बू सीतांनी तेलाची बाटली बंद केली

परवा इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला, आमच्या हॉस्पिटलमध्ये, मी एका पेशंटवर चक्क ओरडले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच... अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.

साठीचे गृहस्थ, लॉरी चालवतात. एक पोटरी सुजलेली, आणि हे 'आय ॲम ग्रँड, डॉक्टर' (इथल्या भाषेत 'मी मजेत आहे') म्हणत कोट चढवून घरी निघालेले! माझा आवाज ऐकून मुकाट्याने बसले. स्कॅनमध्ये पायात रक्ताची गुठळी निघाली. औषधं सुरू आहेत, आता ठीक आहेत.

"तुला एकदम झालं तरी काय?" माझ्याबरोबरच्या नर्सने विचारलं. मी काहीतरी थातुरमातुर बोलले. खरं कारण दीड वर्षात मी कुणालाच सांगितलेलं नाही... आज सांगते.

जानेवारी २०२०. एका कोर्ससाठी आठवडाभर सिंगापूरला गेले होते. शेवटी हातात एक वीकएंड होता, म्हणून एकटीच इंडोनेशियात, जावा बेटावरच्या प्रम्बाननला गेले. देवळांचं छोटंसं गाव. भातशेतीला लागून एक होमस्टे, मालकीणबाई पन्नाशीच्या. डोक्याला हिजाब आणि नाव सीता! तिकडे मोठ्या बाईला 'बू' म्हणतात, म्हणून मीही बू सीता म्हणायला लागले.

शनिवारी सकाळी देवळं बघितली. काळ्या दगडाची, आभाळात घुसलेली उंच शिखरं. शंकराच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मला तीनदा थांबावं लागलं. धाप लागत होती... म्हटलं, आयर्लंडच्या थंडीतून आलेय, हा उकाडा कसा सोसणार? मागच्या बाजूच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात गणपती दिसला आणि मी बाकी सगळं विसरले.

डावी पोटरी दोन दिवस ठणकत होती. तेही मी नव्या सँडल्सवर ढकललं. डॉक्टर आहे मी! असा पेशंट समोर आला असता तर अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं.

दुपारी परत आल्यावर बू सीतांना म्हटलं, पाय जरा चोळून मिळतील का? त्या हसत तेलाची बाटली घेऊन आल्या. मी पाय पुढे केले... आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं. डावीवर अंगठा दाबला, तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "नो मसाज. हॉस्पिटल."

मी हसले. म्हटलं, बू, मी स्वतः डॉक्टर आहे, उद्या माझं विमान आहे.

"यस, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "बट लेग, नॉट डॉक्टर."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवून गाडीत जाऊन बसल्या. पासपोर्ट त्या पर्समध्ये! मग काय... गेले.

तिथल्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा तरी स्कॅन लावलाय. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या, पायातून सुटून वर गेलेल्या. असे स्कॅन मी किती पेशंटना समजावून सांगितलेत... वर माझं नाव होतं. आपण उद्या चौदा-पंधरा तास विमानात बसणार होतो, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

पाच दिवस ॲडमिट होते. बू सीता रोज तांदळाची पेज घेऊन यायच्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

त्या बराच वेळ पांघरुणाची घडी सारखी करत राहिल्या. मग मोडक्या इंग्रजीत, अडत अडत सांगायला लागल्या. त्यांची धाकटी बहीण जकार्ताला कामाला होती. एकदा लांबच्या बसप्रवासाने घरी आली, पाय सुजलेला. बू सीतांनी तेल गरम करून रात्री तासभर चोळला. बहिणीला बरं वाटलं. म्हणाली, अजून थोडा चोळ ना.

सकाळी ती अंगणात कोसळली. तिथेच गेली.

"नंतर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, क्लॉट," बू सीता म्हणाल्या. "त्या दिवशी मी तो शब्द शिकले."

तुमच्या चोळण्यामुळेच झालं असं नाही, गुठळी आधीच सुटलेली असेल... हे मी नातेवाइकांना नेहमी सांगते, आणि ते खरंही असतं. बू सीतांनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेजेचा चमचा माझ्या हातात दिला.

पुढे दोन आठवडे मी त्यांच्याच घरी राहिले. तिथल्या डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा लिमरिकला परतले, आणि महिन्याभरात सगळं जगच बंद पडलं. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मुभा नव्हती, त्या दिवसांत बू सीतांचा दर रविवारी मेसेज यायचा. जेवलीस का? आज थोडं चाललीस का?

आई, तू हे वाचशीलच. तेव्हा 'तिकिटाचा घोळ झालाय, उशीर होईल' असं सांगितलं होतं ना... ते खोटं होतं. तू रागावणार, फोन करणार, रडणार. सगळं कर.

पण आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावशील तेव्हा बू सीतांच्या बहिणीसाठीही हात जोड. तिचं नाव रत्ना होतं.