काखेतला पिवळा डाग
ब्लीचचा वास आला की मला कमलनगरचं घर आणि माझ्या वडिलांचा, अप्पांचा, पांढरा शर्ट आठवतो. आयुष्य कापडदुकानात गेलेल्या अप्पांना डाग खपत नसे. ते गेले तेव्हा त्यांना तोच शर्ट घालायचा, पण पांढराशुभ्र, असा आईचा हट्ट होता. पण शर्टाच्या काखा पिवळ्या पडलेल्या. "घामाचं हाय, ब्लीचनं जातंय की," म्हणत मावशीनं बाटली ओतली आणि पिवळा डाग आणखी गडद झाला. तो नुसता घाम नव्हता; अप्पा काखेत लावलेलं रोल-ऑन ओलं असतानाच शर्ट चढवायचे, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम घामात मिसळून कापडात बसलं होतं. आमच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. "हात मांडीवर आले की कुणाला दिसायलाय?" मावशी म्हणाली. पण खड्ड्यात उतरवताना माणसांनी त्यांना काखेत धरलं, हात वर गेले आणि गावासमोर डाग उघडे पडले. "अवो, त्यांचे हात खाली घ्या की!" आई ओरडली. कुणालाच ते जमण्यासारखं नव्हतं. सोडलं असतं तर अप्पा पडले असते. आता माझ्या घरात रोल-ऑन वाळल्याशिवाय शर्ट घालायचा नाही, घामेजलेला शर्ट त्याच दिवशी गार पाण्यात भिजवायचा, आणि ब्लीच आणायचंच नाही. आई मात्र दोरीवरच्या प्रत्येक शर्टाची आधी काख बघते.