भागूबाईचा पायांचा रस्सा

मेंढरं देशावर हलवायची वेळ आली की भागूबाईचं डोकं फिरायचंच. पण २००६च्या उन्हाळ्यात ते फिरलं ते जाग्यावर यायला तयार नव्हतं.

भूगावच्या मागच्या माळावर त्यांचा वाडा पडलेला. वाडा म्हणजे खुंटांना ताणून बांधलेलं जाळं. आत मेंढरं, बाहेर चूल, खाट आणि संसार वाहणारी दोन घोडी. दिवाळीनंतर भाताची खाचरं मोकळी झाली की मुळशीत यायचं आणि पाऊस लागायच्या आत मोरगावकडच्या कोरड्या रानात निघून जायचं, ही सासऱ्याच्याही आधीची चाल. मेंढराला मावळातला चिखल सोसत नाही. खूर सडतात आणि बसलेलं जनावर परत उठत नाही. एका साली निघायला उशीर झाला तर निम्मा कळप इथंच गाडला होता. खड्डे खणायला भागूबाईच होती.

आणि यंदा ढग गोळा व्हायला लागले तरी कळपापुढं चालणारा गडी खाटेवर. तिच्या नवऱ्याच्या, धुळाजीच्या, पायाचा अंगठा सुजून वांग्याच्या रंगाचा झालेला. घोंगडीचा काठ टेकला तरी एवढा उभा माणूस कळवळायचा. थोरला पोरगा दादासाहेब हिंजवडीत कंपनीच्या माणसांची ने-आण करायचा. तो गाडीच्या खिडकीतनंच बोलला, "इकून टाका मेंढरं. मला सुट्टी न्हाई."

"तुझ्या आयला इकते आधी," भागूबाई म्हणाली.

या दुखण्याचं मूळ तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. माळाच्या कडंला निषादसाहेबांचा बंगला झाला, ते मूळ. बंगला जिथं उभा होता तिथं आधी मेंढरं चरायची, पण तो राग वेगळा. शनिवार आला की साहेबांचे दोस्त मोटारी भरून यायचे आणि धुळाजीकडनं बकरं जायचं. पाहुणे नळीचे आणि मांडीचे तुकडे खायचे. मुंडी, पाय, काळीज, गुर्दे याला कुणी हात लावत नसे. बकरं आणणाऱ्याचा तो वाटा, म्हणून धुळाजी पाटी भरून घरी आणायचा. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, पण मटण खायचा ते बिरोबाच्या जत्रेला, नाहीतर वाटेत एखादं जनावर पडलं तर. आता शनिवारी सुरू झालेलं मंगळवारपर्यंत पुरायचं.

त्यात साहेबांनी त्याला ज्ञान दिलं. "धुळाजी, माणूस आधी पाला चघळायचा. पोट मोठं, मेंदू लहान. मग वाघानं टाकलेल्या जनावरांची हाडं फोडून आतला मगज खायला लागला, तेव्हा मेंदू वाढला. मटणानं माणसाला माणूस केलं."

धुळाजी हे घरी येऊन मुंडी फोडता फोडता सांगायचा.

"वर्सभर मगज खाताय," भागूबाई म्हणाली, "कुटं वाढल्याचं दिसंना."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"येवढं कळतंय की पडलेलं जनावर आमी अजून खातोय. मग आमी मानूस व्हायचो बाकी हाय का झालो, इचारा तुमच्या सायबाला."

अंगठा सुजला तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते बंगल्यावरचं जाणं बंद केलं. तसंही साहेबांचं मन पालटलं होतं. कुठल्याशा तपासणीत त्यांच्या रक्तात चरबी निघाली. आता ते कुंपणाशी उभे राहून सांगायचे की मटण सोडलं पाहिजे, मेंढरं ढेकर देतात त्यानं पृथ्वी तापते. भागूबाईनं कळपाकडं पाहिलं, मग साहेबांच्या दारातल्या दोन मोटारींकडं पाहिलं आणि पाण्याची घागर उचलून चालायला लागली. कुणाकुणाला उत्तरं द्यायची?

मग तिनं औषध सुरू केलं. दुखऱ्या पायाला जनावराच्या पायाचा जोर द्यायचा, हे तिच्या आईपासनं चालत आलेलं. बाळंतिणीला, पडून हाड मोडलेल्याला, सगळ्यांना तेच. पाय जाळावर भाजायचे, खरवडायचे, मिरं-लसूण घालून मंद आचेवर शिजत ठेवायचे. जोडीला रक्तासाठी निखाऱ्यावर भाजलेलं काळीज. बंगल्यावरनं मिळंना तर पौडाच्या खाटकाकडनं आणलं. धुळाजी आधी तोंड वाकडं करायचा.

"प्या गुमान. मेंढरं न्यायची हायेत."

तो प्यायचा. अंगठा जरा उतरायचा आणि परत फुगायचा. ती रस्सा आणखी दाट करायची.

शेवटी त्याला घोडीवर घालून तिनं पौडाला हेमलता डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी अंगठा लांबूनच पाहिला आणि ओळखला. रक्त तपासायला घेतलं, तरी विचारून ठेवलं, "खाण्यात काय असतं, मावशी?"

"मटण बंद केलंय बगा मी. बंगल्यावरचं समदं बंद. नुसतं औषधापुरतं काळीज अन् पायाचा रस्सा."

"रोज?"

"रोज म्हंजे... सकाळ-सांज."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. काळीज-गुर्द्यांनी रक्तात एक आम्ल वाढतं, त्याचे खडे सांध्यात काचेसारखे रुततात, आणि रस्सा त्यात भर घालतो, असं त्यांनी नीट समजावलं. मांस कधीमधी खाणाऱ्या अंगाला रोजचा मारा झेपला नव्हता. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. "आणि तो रस्सा आजपासून नाही."

"चालता कवा येईल ह्यास्नी?"

"आठ-पंधरा दिवस तरी टेकवू नका."

परतीच्या वाटेला घोडीवरनं धुळाजी म्हणाला, "मी न्हाई म्हनत हुतो. तूच पाजलास."

भागूबाईनं लगाम असा हिसडला की घोडीनं मान वर केली. पोराचा राग आला, साहेबाचा आला, इतक्या मायेनं पाय खरवडायला शिकवणाऱ्या आईचासुद्धा आला. पण नवरा खरं बोलत होता, हे सगळ्यात वंगाळ. घरी पोचल्यावर तिनं चुलीवरचं भगुलं उचललं आणि सगळा रस्सा कुत्र्यांपुढं ओतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वाडा उठला. बायकांनी घोड्यांबरोबर संसार घेऊन जायचं आणि गड्यांनी मेंढरांबरोबर चालायचं, ही रीत. भागूबाईनं धुळाजीला घोडीवर चढवला. त्याच्या मांडीवर कोंबड्यांची डालगी ठेवली आणि मागं भांड्यांचं बोचकं आवळलं.

"आगं, चांदणी चौकात लोक बगत्याल."

"बगू द्या. अंगठा वर धरा म्हंजे त्यास्नी नीट दिसंल."

काठी घेऊन ती कळपापुढं झाली. बंगल्याच्या फाटकात निषादसाहेब उभे होते. "मावशी, मटण सोडलंत म्हणे. छान केलंत."

"सायेब, गेल्या साली मटणानं मानूस झाला. औंदा मटणानं दुनिया बुडतीया. तुमचं एकदा काय ते ठरवा, पन आधी फाटक लावा. मेंढरं बागंत शिरत्याल."

साहेबांनी फाटक लावलं. कळप डांबरावर उतरला. मागनं कोंबड्यांच्या कलकलाटात धुळाजीचा आवाज आला, "भागे, दुपारच्याला काय हाय?"

"ताक अन् भाकर."

"अन् सांच्याला?"

तिनं मेंढरांना हाळी घातली आणि कात्रजच्या अंगाला पाय उचलले.