दादाची लाल वर्तुळं

जुन्या चिनी गद्याचं एक जाडजूड पुस्तक, हिंदीत भाषांतर केलेलं, दादानं कधीतरी रद्दीच्या दुकानातून उचललं आणि आम्हा भावंडांच्या म्हातारपणाची सोय झाली. त्यात कथा नाहीत, कविता नाहीत. शेकडो वर्षांपूर्वीच्या खऱ्या माणसांनी खऱ्या गोष्टींबद्दल लिहिलेलं. कुणी डोंगर बघून आला, कुणाची बदली लांब झाली, कुणाचं लेकरू गेलं. मला आधी ते सपक वाटायचं. "अरे, ह्याची बायको मेली आणि हा परसातल्या भाजीबद्दल काय लिहितोय?" असं मी म्हटलं की दादा उखडायचा. "गळा काढला असता तर तू वाचून विसरली असतीस. भाजी बघ. आता ती खुडणार कोण, हे तो लिहीतच नाहीये."

तिकडचे जुने रसिक आवडलेल्या वाक्याशेजारी छोटी छोटी वर्तुळं काढायचे, असं प्रस्तावनेत होतं. झालं! दादाला खेळच मिळाला. त्याची लाल पेन्सिल, माझी निळी. एकमेकांसमोर वर्तुळ काढायचं नाही, पुस्तक काही दिवस त्याच्याकडे, काही दिवस माझ्याकडे, आणि मग भांडण. दादा महाकंजूष. एका लेखाला एक वर्तुळ, फार तर दोन. माझी बघून म्हणायचा, "तू काय दिसेल त्याला हळदीकुंकू लावत सुटली आहेस?"

मग त्याला विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग बोलणंच आटलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. पण मी हात टेकणारी बाई नाही. रोज दुपारी दाल बाजारातून टेंपो पकडून हरिशंकरपुरमला त्याच्या घरी जायचे, बाहेर उन्हाळ्यातली भाजणारी लू वाहत असली तरी, आणि समोर बसून एकेक लेख मराठीत करत मोठ्यानं वाचायचे. तो खिडकीकडे बघत बसायचा. वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असायची. निघताना मी पुस्तक आणि लाल पेन्सिल त्याच्या उशाशी ठेवायचे.

बरेच दिवस काही नाही. आणि एकदा उघडते तर काय, लाल वर्तुळ! वाकडं, थरथरलेलं, पण अगदी योग्य जागी. नोकरीवरून काढलेला एक अधिकारी डोंगर बघायला गेला होता. त्यानं लिहिलं होतं, धुक्यात डोंगर दिसलाच नाही, खाली आलो आणि मासे खाल्ले. मी तर वेडीच झाले. "वहिनी, अगं तो आहे आत! बोलत नाही एवढंच!" ती म्हणाली, "हो ना वन्सं. तुम्ही येत राहा, बस." त्यानंतर वर्तुळं येतच राहिली. डॉक्टरांना काय कळतंय, असं मी सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं.

मग ती दुपार आली. मी कुणाच्या तरी नदीप्रवासाचं रटाळ वर्णन वाचत होते. दादानं मान वळवली, माझ्याकडे नीट पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "बैठिए बहनजी. आप किससे मिलने आई हैं?"

हिंदी मुलखात जन्म गेला, तरी आमच्याकडे हिंदी बाहेरच्यांसाठी. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी. नातवंडं बोलता बोलता हिंदीवर घसरली की हाच दादा डाफरायचा. अख्ख्या जन्मात तो माझ्याशी हिंदीत एक शब्द बोलला नव्हता. समोर बसलेला असतानाच माझा भाऊ गेला, असं वाटलं. पुस्तकात डोकं खुपसलं आणि पुढचं वाक्य वाचलं, "नाव उत्तरेच्या काठाला बांधली." आवाज फुटतच नव्हता. कसाबसा लेख संपवला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी लाल वर्तुळ नेमकं त्या वाक्याशी होतं. नाव बांधली! काय आहे त्यात? काही म्हणजे काही नाही. शुद्धीतला दादा त्या वाक्याकडे ढुंकूनही बघता ना. मग घरात दुसरं होतं कोण? पुस्तक घेऊन मी तशीच आत गेले.

"वहिनी, हे तू काढलंस?"

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "मला यातलं काही समजत नाही, वन्सं. वाचताना तुमचा आवाज जिथे हलतो ना, तिथे मी नंतर गोल करते."

"कधीपासून?"

"शुरू से."

म्हणजे इतके दिवस मी माझ्याच आवाजाच्या खुणा बघून नाचत होते. असा संताप आला की पुस्तक भिंतीवर आपटावं. "फसवलंस मला!" मी ओरडले.

"फसवलं," ती म्हणाली. "गोल दिसले नसते तर तुम्ही यायचं सोडलं असतं. मग दिवसभर मी आणि हे. मलाही रोज एवढंच विचारतात, आप कौन हैं. तुम्ही वाचता तेवढा वेळ तरी घरात कुणी मराठी बोलतं." आणि तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली.

माझा संताप कुठे गेला कळलं नाही. तिला जवळ घ्यायचंही सुचेना. बाहेर खुर्ची सरकली.

"कौन है अंदर?" दादानं विचारलं. आवाज घाबरलेला होता.

"पड़ोस से आई हूँ, भाईसाहब," मी म्हटलं. "आप आराम से बैठिए."