गॅलरीत वाळत घातलेले पाऊच

“तिसरा पेशंट आलाय, सर. अक्कलदाढ काढून चार दिवस झाले आणि आज त्यांना तोंडच उघडता येत नाहीये,” डॉ. अनघा फोनवर म्हणाल्या. “तुम्ही एकदा येऊन आमचं सगळं बघा. काहीतरी चुकतंय.”

त्यांचा दवाखाना विरारजवळच्या पापडी गावात, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. एक खुर्ची, एक डॉक्टर, एक मदतनीस. मी दातांचा डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी चौतीस वर्षं सीएसएसडीमध्ये होतो. म्हणजे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेवर जंतुमुक्त करणारं खातं. आमची आठवण कोणाला झाली, की समजायचं काहीतरी बिघडलंय. रिटायर झाल्यावर विरारच्या घरी बसून मी बायकोला तिच्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवू लागलो. तिने आठवडाभर सहन केलं आणि मग तिनेच मला छोटे दवाखाने तपासायच्या कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटरने पापडीला पोचलो. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

“सर, स्पष्टच सांगते. मला कुंदाताईंवर शंका आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या इथे आहेत. घर त्यांच्या पगारावर चालतं, मला माहितीये. पण चूक त्यांची निघाली तर मला त्यांना काढावं लागेल. गावात लोक बोलायला लागलेत.”

“आधी चूक तर सापडू दे,” मी म्हणालो.

कुंदाताई जवळच्याच गास गावच्या. पन्नाशीच्या, सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला. मी प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी हत्यारं धुवायचं सिंक दाखवलं, ब्रश दाखवले, जाड हातमोजे दाखवले. एवढं स्वच्छ सिंक मी बड्या हॉस्पिटलांतही क्वचित पाहिलाय. तरी मी कौतुक केलं नाही. तपासणीच्या वेळी तोंड वाकडं ठेवायची मला सवय आहे.

मग ऑटोक्लेव्ह. हा एक दणकट कुकरच असतो. धुतलेली हत्यारं पाऊचमध्ये बंद करून आत ठेवायची. पाऊचला एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लास्टिक. कागदातून वाफ आत जाते, जंतू मरतात, आणि पाऊच फोडेपर्यंत हत्यारं तशीच शुद्ध राहतात. पाऊचवर एक खूण असते, तिचा रंग बदलला की वाफ लागली असं समजायचं. सगळ्या खुणांचा रंग बदललेला होता.

पण रंगावर मी विश्वास ठेवत नाही. मी सोबत एक छोटी कुपी नेली होती. तिच्यात उष्णतेला दाद न देणारे, पण माणसाला निरुपद्रवी असे जिवंत जंतू असतात. ती हत्यारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायची आणि नंतर लॅबला द्यायची. हे चिवट जंतू मेले, तर बाकीचे मेलेच.

शुक्रवारी रिपोर्ट आला. जंतू मेलेले. यंत्र ठणठणीत.

मला आनंद व्हायला हवा होता. मी वैतागलो. यंत्र बरोबर, धुलाई बरोबर, डॉक्टरांचा हातही बरोबर, आणि तीन माणसांच्या जबड्यात पू. त्यातल्या एका शिक्षिकेला तर दोन दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. अशा वेळी एकच उपाय असतो. स्टूल घ्यायचं आणि कोपऱ्यात बसून राहायचं. त्या दुपारी मी तेच केलं.

सकाळची ओपीडी संपली. कुंदाताईंनी पहिली बॅच लावली. यंत्राने बीप दिला. त्यांनी दार उघडलं, पाऊच ट्रेमध्ये घेतले, दुसरी बॅच आत सरकवली आणि ट्रे घेऊन मागच्या गॅलरीत गेल्या. मी पाठोपाठ गेलो.

गॅलरीत एक लाकडी चौकट होती, तिच्यावर जाळी. जाळीवर कुंदाताई एकेक पाऊच मांडत होत्या. समोर केळीची बाग, वर फेब्रुवारीचं कडक ऊन. मांडून झाल्यावर त्यांनी वरून पांढरीशुभ्र मलमल अंथरली आणि चार कोपऱ्यांना चिमटे लावले.

“हे काय चाललंय?”

“ओले निघतात ना, साहेब. सुकवते. हे फडकं रोज धुते मी, माशी बसू देत नाय. आमच्याकडं सुकेळी करतात ना, केळी सोलून उन्हात सुकवतात, तसंच. एका अंगानं सुकलं की परतायचं.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी ओरडलो. चौतीस वर्षांत कोणावर ओरडलो नसेन इतक्या जोरात ओरडलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

ओरडण्याचं कारण असं. कोरडा कागद जंतूंना अडवतो. ओला कागद अडवत नाही. पाण्याबरोबर बाहेरचे जंतू त्यातून आत शिरतात. म्हणजे आत मारून ठेवलेल्या जंतूंच्या जागी बाहेरची धूळ, मलमल, हात, सगळ्यांना आमंत्रण. त्या तीन सुजा यामुळेच आल्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. पण शोधायला आलो होतो ती चूक ही होती.

हे सगळं त्यांना समजावलं तेव्हा कुंदाताई स्टुलावर बसल्या.

“म्हनजे माझ्यामुळं झालं? त्या बाईंना माझ्यामुळं अ‍ॅडमिट केलं?”

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात डोक्यात आलं की पाऊच ओले निघतातच का? या यंत्रात जंतू मारून झाल्यावर पाऊच सुकवायचा वेगळा टप्पा असतो. अर्धा तास लागतो त्याला.

“ड्रायिंग होत नाही का यात?”

त्यांनी उठून मलमलीचे चिमटे काढायला घेतले. “निघतात ओले,” एवढंच म्हणाल्या.

मी आत जाऊन रजिस्टर काढलं. प्रत्येक बॅचची सुरू केल्याची आणि दार उघडल्याची वेळ त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. दिवाळीपर्यंत प्रत्येक बॅचला एक तास दहा मिनिटं. दिवाळीनंतर चाळीस. एकही वेळ मागाहून भरलेली नाही, कुठे खाडाखोड नाही.

मी रजिस्टर घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी गेलो.

“सापडलं. पाऊच ओले काढून उन्हात वाळत घालतायत.”

“बाप रे! मी म्हटलं नव्हतं? असलं काही मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.”

“उन्हात घाला असं नसेल सांगितलं. पण दिवाळीनंतर काय सांगितलंत?” मी दोन्ही पानं समोर ठेवली.

त्यांनी पानं बघितली.

“संध्याकाळचे पेशंट वाढले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “सेट चारच आहेत. दुपारी तीन बॅच काढल्याशिवाय पुरत नव्हते. मी म्हटलं, बीप झाला की स्टॉप दाबा, ड्रायिंग राहू दे. पाऊच थोडा ओलसर असला तर काय होतंय, असं वाटलं मला.” मग म्हणाल्या, “सर, रिपोर्टमध्ये नुसतं ‘पाऊच सुकवण्याची पद्धत अयोग्य’ असं लिहिता येईल का?”

“येईल. मग उद्या तुम्ही कुंदाताईंना काढाल, परवा दुसरी बाई ठेवाल आणि तीही स्टॉप दाबेल.”

त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं.

रिपोर्ट मी तिथेच बसून मराठीत लिहिला. ड्रायिंगचा टप्पा डॉक्टरांच्या सूचनेवरून वगळला जात होता, त्यामुळे पाऊच ओले निघत होते. कुंदाताईंना मी वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

“यात माझं नाव नाय.”

“गरज नाही.”

“उन्हात मीच ठेवलं ना? तेपन लिवा. नि मी डॉक्टरांना बोलले होते, पाऊच ओले राहतात म्हनून. दोनदा बोलले. तेपन लिवा.”

डॉक्टरांनी मान वर केली. “बोलल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “लिहा, सर.”

मी दोन्ही वाक्यं घातली. डॉक्टरांनी खाली सही केली. मग तिन्ही पेशंटना त्यांनी स्वतः फोन केला, पहिला त्या शिक्षिकेला. काय झालं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. शिक्षिका बरंच काही बोलल्या असाव्यात, कारण डॉक्टर पाच मिनिटं नुसतं “हो, बरोबर आहे तुमचं” म्हणत होत्या. त्या बाई पुन्हा त्या दवाखान्यात आल्या नाहीत. बाकीचे दोघे आले. पुढच्या महिन्यात हत्यारांचे आणखी चार सेट आले आणि सूज येणं थांबलं.

कुंदाताईंना काढायचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही. उलट निघताना कुंदाताईच दारात येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, “आता अर्धा तास मशिनीला हात लावनार नाय. तुमी सांगितलं तरी.”

“मी सांगितलं तरी नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

ऑटोक्लेव्ह, कुपी, रजिस्टर मी आजही तपासतो. पण हल्ली नव्या दवाखान्यात गेलो की आधी मदतनिसाला बाजूला घेऊन विचारतो, “गेल्या वर्षभरात तुम्ही डॉक्टरांना कधी नाही म्हणालात का?” ‘हो, म्हणाले होते,’ असं उत्तर आलं तर माझं काम तासाभरात संपतं. नाहीतर मी स्टूल मागवतो.