म्युझियमचं वाण

म्युझियमचं छप्पर उतरवलं आणि माझं नशीब उघडलं. रोजच्या वापरातल्या घाटदार वस्तूंचं ते लहानसं म्युझियम. वासे, कौलं सगळं बदलायचं म्हणून ते बंद झालं आणि तोवर वस्तू गावोगाव नेऊन दाखवायला साहेबांना एक बाई हवी होती. ती मी. नोकरी कच्ची. इमारत तयार झाली की पक्की करू, पण एकही वस्तू हरवता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. नोकरी गेली तर घरचे मला उजवायला टपलेलेच होते.

डाव, लाटणी, रोवळ्या, अडकित्ते बैलगाडीत भरून मी थळच्या कोळीवाड्याकडे निघाले. आनंद पोटात मावत नव्हता, म्हणून गाडीवानालाच अडकित्त्याच्या घाटावर भाषण दिलं. तो बिचारा मान डोलावत होता. बैलही डोलावत होते.

काचेआडून वस्तू कुणाला कळते, ती हातात पडली पाहिजे, हे माझं तेव्हाचं लाडकं मत. देवळापुढे सतरंजी घातली, बायका जमल्या. मी प्रत्येकीच्या हातात एकेक वस्तू ठेवली आणि बोलत सुटले. काय बोलले देव जाणे, पण त्या फार प्रेमाने ऐकत होत्या. भाषण संपलं तशा एकेक उठल्या, वस्तू ओच्यात खोचली आणि "येते गो बाय" म्हणून आपापल्या घरी गेल्या. मीही हसून हात हलवत होते!

सतरंजीवर एकटी उरले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संक्रांत नुकतीच झालेली. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू आणि वाण लुटणं चालायचं. त्यांना वाटलं, हे सरकारी हळदीकुंकू. म्हणजे अख्खं म्युझियम लुटलं गेलं होतं, आणि लुटवलं होतं मीच.

नोकरी गेल्यात जमा होती, तरी हसू आवरेना. वाड्यातल्या एका जाणत्या आजीकडे धावले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दिलेला वान कोन परत मागतंय गो बाय? पन आमी तुला वान देऊ. आमच्या हलदीकुंकवाला ये."

मग काय, रोज दुपारी मी थळला. कपाळावर हळदीकुंकवाचे थर, तोंडात तिळगूळ, आणि पदरात म्युझियमची एकेक वस्तू. एकीने तर डाव आमटीतून काढला, धुतला आणि मला दिला. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

शेवटी राहिला मोराच्या घाटाचा पितळी अडकित्ता. तो जिच्याकडे होता तिचा नवरा दर्यात गेलेला. तिच्या घरी हळदीकुंकू होणार नव्हतं आणि तिला कुणी बोलावणारही नव्हतं. मी गेले तेव्हा ती त्यानेच सुपारी कातरत होती.

"तो गेल्यापासून माला कोनी वान दिला न्हाय," ती म्हणाली. "तू हातात ठेवलास." मग अडकित्ता मिटून तिने माझ्यापुढे धरला. "न्यायचा तर ने."

मी तिच्या मांडीवरची सुपारी तेवढी उचलली, तोंडात टाकली आणि निघाले. वाटभर रडू येत होतं, तरी छातीत काहीतरी नाचतही होतं.

इमारत झाली. चुन्याचा ताजा वास, लखलखीत काचा, आणि अडकित्त्यांच्या ओळीत एक मोकळी जागा. मी साहेबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तो मी मागणार नाही."

"आणि मी मागायला गेलो तर? कुठलं घर?"

"तेही सांगणार नाही."

साहेब त्या जागेकडे बघत राहिले. घर, लग्न, मांडव, सगळं माझ्या डोळ्यांपुढून जाऊन आलं. मग त्यांनी एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा. अडकित्ता, मोराच्या घाटाचा. पितळी. वापरात आहे." आणि मी टाक उचलल्यावर म्हणाले, "अक्षर नीट काढा. यापुढे रोज तुम्हालाच बघायचंय ते."