दादासाहेबांचा शंभरावा देश

चार शहाणी माणसं एकत्र आली तर काम होतं, आणि चार हौशी माणसं एकत्र आली तर किस्से होतात. आमच्या रत्नागिरीच्या हॅम रेडिओ क्लबात शहाणं असं कोणी नव्हतंच, त्यामुळे किस्स्यांना कधी तोटा पडला नाही. परवा जुनी मंडळी भेटली. एकाने एक काढला, दुसऱ्याने दुसरा काढला, आणि समोरचा चहा गार झाला.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा तर सकाळी नंबर द्यायचा आणि दिवसभर फोनशेजारी बसून राहायचं, असे दिवस. आणि आम्ही काहीजण सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरच्या सेटवरून थेट जपान-ब्राझीलशी बोलत होतो. केवढा रुबाब! फक्त काय बोलत होतो ते विचारू नका.

बोलायचं ते ठरलेलं असे. आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची खूण-अक्षरं, द्यायचा, त्याचा घ्यायचा, आणि एकमेकांचा आवाज कसा येतोय त्याचा रिपोर्ट द्यायचा. आवाज अगदी स्पष्ट असेल तर फाइव्ह, जोरदार असेल तर नाइन. दोन्हीकडून रिपोर्ट झाले की तो देश तुमच्या नावावर लागला. लगेच थँक्यू म्हणायचं आणि पुढचा देश गाठायचा. असे शंभर देश झाले की परदेशातून सर्टिफिकेट येतं. आता आवाज कितीही भिकार असला, अर्धा खरखरीत बुडालेला असला, तरी सगळे सगळ्यांना फाइव्ह नाइनच द्यायचे. लग्नाच्या पंगतीत ‘स्वयंपाक झकास झालाय’ म्हणतात ना, तसं.

आमचे अध्यक्ष दादासाहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि शंभर देशांच्या नादाने पार झपाटलेले. अमेरिका, रशिया असले सोपे देश त्यांना शिळे वाटत. त्यांना हवी ती कुठल्या तरी समुद्रातली खडकाळ बेटं, जिथे माणसं कमी आणि पक्षी जास्त.

* * *

एकदा पॅसिफिकमधल्या अशाच एका बेटावरचा माणूस लागला. दादासाहेबांच्या अंगावर काटा आला. तो बिचारा सावकाश सांगत होता, की काल रात्री वादळ झालं, घराचं छप्पर उडालं, गाडीच्या बॅटरीवर सेट लावून बोलतोय.

दादासाहेब म्हणाले, “व्हेरी फाइन, ओल्ड मॅन! व्हेरी फाइन! यू आर फाइव्ह नाइन!”

मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, “दादासाहेब, छप्पर उडालं म्हणतोय तो!”

“उडू दे. अँटेना शाबूत आहे ना?”

आणि त्यांनी पुढचं बेट शोधायला डायल फिरवला. आतून माईंचा आवाज आला. माई म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. माहेर मालगुंडचं, हात सढळ आणि जीभ तिखट. “ऐकू येत नाही तरी छान ऐकू येतं म्हणायचं! असले शंभर खोटारडे जमवून करणार काय आहात? पंगत घालणार?”

* * *

दादासाहेबांच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. देश झाला की टाचणी टोचायची. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो नकाशा बघावाच लागे, त्याशिवाय चहा नाही.

मिरजोळ्याहून नारळ काढायला येणारा धोंडू एकदा तावडीत सापडला. वास्तविक त्याला काम नव्हतंच. अँटेनाची तार आगरातल्या दोन माडांना बांधलेली, त्यामुळे दादासाहेब कोणाला माडावर चढू देत नसत. नारळ आपले आपण पडत, आणि मागच्या दारी जाताना माई डोक्यावर पाट धरून जात. तर धोंडूने एका टाचणीवर बोट ठेवलं.

“हितली मानसं खातात काय वो?”

“ते नाही विचारलं.”

“पाऊसपानी कसं हाय तिकडं?”

“ते नाही विचारलं.”

“मंग बोल्लाव काय?”

“फाइव्ह नाइन,” दादासाहेब म्हणाले.

धोंडूने टाचण्यांकडे बघितलं, दादासाहेबांकडे बघितलं. “आमची म्हातारी येष्टीत बसली ना, तर पाली येस्तंवर शेजारणीच्या सात पिढ्यांची चवकशी करते,” म्हणाला आणि कोयता उचलून निघून गेला.

* * *

सेटला जमिनीत चांगलं अर्थिंग लागतं. आमच्याकडे खाली सगळा जांभा. मे महिन्यात तो असा सुकतो की अर्थिंगचा खड्डा सारखा ओला ठेवावा लागतो. दादासाहेब सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून कळशा आणून खड्ड्यात ओतत. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वयंपाकघरात कधी तांब्याभर पाणी नेलं नव्हतं!

विहीर तळाला गेली. त्या दिवशी घरी पाहुणे होते. माईंनी त्यांच्यासमोरच विचारलं, “अहो, यांना पाय धुवायला पाणी देऊ, की आज ब्राझीलची पाळी आहे?”

* * *

दादासाहेब सेटवर बोलू लागले की आसपासच्या यंत्रांतून बदकं ओरडल्यासारखा आवाज यायचा. टेपरेकॉर्डर ओरडत, रेडिओ ओरडत. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर दादासाहेब म्हणत, “दोष तुमच्या यंत्रात आहे.” त्यांच्या मते अवघ्या आळीतली यंत्रं सदोष होती, निर्दोष काय ते एकटे दादासाहेब!

देवळात कीर्तन होतं. बुवांनी नारदाचं आख्यान लावलेलं, नारदमुनी आकाशातून निघालेत, तेवढ्यात लाउडस्पीकरमधून बदकं सुरू झाली. लोक हसायला लागले. बुवा मुरलेले. त्यांनी चिपळ्या थांबवल्या आणि विचारलं, “कोण हे?” कोणीतरी सांगितलं, “दादासाहेब. ते आकाशातून बोलतात.”

बुवा म्हणाले, “असं होय! नारदसुद्धा आकाशातूनच फिरायचा हो. फरक इतकाच, की नारदाकडे काहीतरी निरोप असायचा!”

सगळं देऊळ हसलं. दादासाहेब आठवडाभर देवदर्शनाला फिरकले नाहीत.

* * *

आता गजामास्तर. दापोलीजवळच्या मुरुडचा शाळामास्तर, आमच्याच क्लबाचा सभासद, आणि नकला करण्यात पटाईत. एका रविवारी सकाळी त्याने घरून सेट लावला आणि साहेबी आवाजात पुकारायला लागला, की मी हिंदी महासागरातल्या अमुक बेटावरून बोलतोय. बेट असं, की तिथून वर्षानुवर्षं कोणी बोललेलं नाही.

इकडे दादासाहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. घसा फुटेस्तोवर पुकारलं, फाइव्ह नाइन दिलं, फाइव्ह नाइन घेतलं. टाचणी टोचली. तेवढ्यात सेटमधून, गजाच्या मागून, बाईचा आवाज आला, “गजाऽ, पानं वाढल्येत रे! भात निवतोय!”

आम्ही काहीजण तिथेच बसलो होतो. मी हळूच म्हटलं, “दादासाहेब, बेटावर मराठी?”

दादासाहेब जराही डगमगले नाहीत. “आपल्याकडची माणसं खलाशी म्हणून कुठे कुठे गेलेली आहेत. वसती केली असेल!”

खरं कळलं तेव्हा ती टाचणी काढावी लागली. दादासाहेबांनी ती काढताना गजामास्तरला सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या, आणि त्या दिवसापासून सेटवर कोणी मराठी बोललं की ते आधी संशयच घेत.

* * *

आणि आता शेवटचा. यालाही मी स्वतः हजर होतो.

दादासाहेबांचे नव्व्याण्णव देश झाले आणि गाडं अडलं. काही केल्या शंभरावा मिळेना. जेवण कमी झालं. रस्त्यात कोणी “काय, झाले का शंभर?” विचारलं की ते पलीकडच्या बाजूला जात. तेवढ्यात बातमी आली, की दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर आपल्या देशाची जी तुकडी मुक्कामाला गेलीय, तिच्यातला एक जवान परवानाधारक आहे आणि संध्याकाळी सेटवर येतो. माणूस आपला, पण जागा परकी. म्हणजे देश वेगळा धरतात. शंभरावा!

दादासाहेबांनी तयारी अशी केली, की आम्हाला सगळ्यांना घरी बोलावलं, पेढे आणवले, आणि स्वतःच्या सत्काराची शाल स्वतःच विकत आणून टेबलावर घडी करून ठेवली. गजामास्तरलाही आमंत्रण होतं. त्याच्या डोळ्यांदेखत शंभरावी टाचणी टोचायची होती ना!

दिवेलागणीला सेट लावला. खरखर, खरखर, आणि त्यात खोल विहिरीतून यावा तसा एक आवाज. सगळं जग त्याला हाका मारत होतं. दादासाहेब ओरडून ओरडून लाल झाले. आणि एकदम त्या आवाजाने आमचाच कॉलसाइन उचलला! भारतात कुठून बोलताय, असं त्याने इंग्रजीत विचारलं.

“रत्नागिरी! रत्नागिरी!”

 मग आवाज आला, “रत्नागिरी? अहो, मी मालगुंडचा! मालगुंडचा प्रकाश! अहो, माझ्या घरी—”

दादासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माइकचं बटण कचकन दाबून ते कडाडले, “गजाऽ! गाढवा! आजच्या दिवशी तरी लाज बाळग! मुरुडला येऊन तंगडी मोडून ठेवीन!”

मागून गजामास्तर नम्रपणे म्हणाला, “दादासाहेब, मी इथे बसलोय.”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. तोंडात पेढा, आणि हातात दुसरा! दादासाहेबांचं बोट बटणावरच अडकून राहिलं होतं. माई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी तशाच बाहेर आल्या आणि माइकवर वाकल्या.

“मालगुंडात कोणाचा रे तू?”

दादासाहेबांनी ऐकण्यासाठी बटण सोडलं. खरखरीतून तुकड्या-तुकड्यांनी उत्तर आलं. “सखूचा... खालच्या आगरातली सखू... तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं... निघालो तेव्हा व्हायचं होतं... इथे पत्र येत नाही... झालं का हो? दिसतं का तिला?”

माईंनी माइक काढूनच घेतला. “अरे मेल्या, सखूचा प्रकाश तू! शिमग्याला मी माहेरी गेले होते, तेव्हा भेटली की! झालं ऑपरेशन. दिसतं, चांगलं दिसतं! तुझ्या वहिनीने रांधलेल्या भातातले खडे वेचून वेचून ताटाबाहेर ठेवते. वहिनी म्हणते, दिसत नव्हतं तेच बरं होतं!”

पलीकडून काहीतरी ऐकू आलं. हुंदका की खरखर ते कळलं नाही.

दादासाहेब भानावर आले होते. “अगं, तुला परवाना नाही! माझा जाईल! आणि रिपोर्ट! आधी रिपोर्ट घे त्याचा! रिपोर्ट झाल्याशिवाय धरत नाहीत!”

“घेते,” माई म्हणाल्या आणि बटण दाबलं. “प्रकाश, जेवलास काय रे?”

“जेवलो... डाळ-भात.”

“मासे?”

“इथे कुठले मासे... पेंग्विन आहेत.”

“ते खाऊ नको हो बाबा! आणि आईला काय सांगू?”

“सांगा... मी ब...”

आणि बँड बसला. हॅमवाल्यांच्या भाषेत बँड बसला म्हणजे आकाशाने दार लावून घेतलं. त्यानंतर नुसती खरखर. दादासाहेबांनी माइक ओढून घेतला आणि त्या खरखरीला फाइव्ह नाइन देत राहिले. नंतरही कितीतरी संध्याकाळी देत होते, पण तो आवाज पुन्हा आला नाही.

त्या दिवशी शेवटी ते कपाळाला हात लावून बसले. “गेला! नव्व्याण्णवच राहिले माझे!”

माई पेढ्यांचं पुडकं आमच्यापुढे फिरवत म्हणाल्या, “तुमचे नव्व्याण्णव आणि माझा एक. झाले की शंभर! घ्या, पेढे घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने माई मालगुंडला निघाल्या. दादासाहेब नकाशाकडे तोंड करून बसलेले, म्हणून सोबतीला मी गेलो. सखू अंगणात सुपारी वाळत घालत होती. माईंनी सगळं सांगितलं. जेवला, डाळ-भात जेवला, बरा आहे, तुझी चौकशी करत होता. सखूला अर्धं खरं वाटेना. तिने पदराने हात पुसले, आणि मग एकच विचारलं.

“आवाज कसा व्हता वो त्याचा?”

मी खाली बघितलं. त्या खरखरीतलं जे काही आमच्या कानावर आलं होतं, ते मला आठवत होतं.

माईंनी तिचा हात धरला आणि ठणकावून सांगितलं, “फाइव्ह नाइन, सखू! फाइव्ह नाइन!”